शेरा

नोंदवहीला चार रकाने:
तारीख, वेळ, पातळी, शेरा.
एकोणीस वर्षं मी शेऱ्यात ‘निरंक’ लिहिलं.
मुजमहुड्याच्या पंपघरात दुसरं घडतं काय?
बडोद्याचं सांडपाणी येतं, वर चढतं,
आणि विश्वामित्री ते मुकाट्याने घेते.

फाल्गुनात ती आली.
कुंपणापलीकडच्या उतारावर, एरंडाच्या खाली
तीन रात्री मागच्या पायांनी माती उकरत राहिली.
टॉर्च मारला तर डोळे
अंधारात दोन विड्या पेटल्यासारखे.
चौथ्या रात्री मी टॉर्च मारला नाही.
बाळंतिणीकडे टक लावू नये.

मग ती तिथंच. बहुतेक उपाशी.
पंप सुरू झाला की जमीन थरथरते,
तेव्हा जबडा उघडून फुत्कारायची.
सत्तर अश्वशक्तीच्या मोटारीला
पहिल्यांदाच कुणी जाब विचारत होतं.

चिठ्ठी आली: काठ काँक्रीटने बांधून काढायचा आहे.
जंगलखात्याचा वसावा आला, थर्माकोलचा खोका घेऊन.
दोघांनी बांबू धरून तिला पाण्याकडे रेटलं,
हा पालथा पडून, खांद्यापर्यंत हात घालून
एकेक अंडं वर काढत होता,
आणि प्रत्येकाच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने फुली.
“उलटं झालं तर आतला जीव गुदमरतो.”
सव्वीस फुल्या.
एक त्याने माझ्या तळहातावर ठेवलं, फुली वर करून.
कोमट. खडूसारखं खरखरीत.
आत काही हलत नव्हतं,
माझा अंगठाच तेवढा उडत होता.

“नर की मादी?”
“अजून कुणीच नाही,” वसावा म्हणाला.
“ऊब ठरवते. जरा कमी, तर माद्या.
साडेबत्तीसला नर.
खड्ड्यात वरच्या अंड्याची ऊब वेगळी, तळातल्याची वेगळी,
म्हणून दोन्ही होतात. आमच्या पेटीला काटा एकच.”
“कितीवर?”
“साहेबांनी लावलाय. साडेबत्तीस.”

रेवाच्या वेळी आई
दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच परत फिरली होती.
उमाच्या वेळी आलीच नाही.
दांडिया बाजारातून रिक्षाने दहा मिनिटं.
आगाऊ सांगितलेले पेढे तिने रद्द केले,
दुकानदाराने निम्मे पैसे कापले,
त्याचं दुःख ती मरेपर्यंत सांगायची.

“आपल्यात ऊब नाही ठरवत, बाबा,” रेवा फोनवर म्हणाली.
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.
“आपल्यात बापाकडून ठरतं.”
मी फोन ठेवला.
थोड्या वेळाने पुन्हा लावला.
जेवलीस का, एवढंच विचारलं.

ती त्याच रात्री परतली.
रिकाम्या खड्ड्याच्या कडेला हनुवटी टेकून पडली.
रडली वगैरे नाही.
नक्राश्रू हा शब्द आपला आहे, तिचा नाही.
रोज यायची. एरंडाची सावली सरकेल तशी सरकायची.
काँक्रीट काही आलं नाही,
ठेकेदाराचं बिल वरती अडकलं होतं.

वैशाख संपत आला तशी
एका रात्री ती पुन्हा उकरू लागली.
दिवस भरले की अंड्यांतून हाक येते,
ती ऐकून आईने माती दूर करायची असते,
मग पिल्लं दातांत, पण दात न लावता, पाण्यापर्यंत.
हे वसावानेच सांगितलेलं.
ती थोडं उकरायची, थांबायची,
डोकं आडवं करून मातीला लावायची.
पुन्हा थोडं.
माझ्या पाठीमागे दोन पंप घरघरत होते.

वहीत आहे ते असं:
वेळ रात्री दोन दहा.
पातळी तीन मीटर, वाढती.
शेरा: दोन्ही पंप सतरा मिनिटं बंद.
तिला नीट ऐकू यावं म्हणून.

कारणे दाखवा नोटीस आली आहे.
उत्तराला सात दिवस दिलेत.
पाच गेले.