अर्धी बादली

साबेला, बादली काठोकाठ भरू नकोस.
अर्धी झाली की त्या दगडाशी नेऊन ठेव, परत ये.
बाकीच्या हसतील. हसू देत.
मीही हसले होते इरियाला,
दवाखान्यातली ती पोरगी, गार हातांची,
माझ्या कमरेवर बोट टेकवत म्हणाली,
हा चौथा मणका, हा पाचवा,
जणू गल्लीतली घरं दाखवत होती
आणि दोन्ही घरांत भांडणं चालली होती.

मला वाटलं, सांगेल पडून राहा.
खरं तर तेच ऐकायला गेले होते.
बल्बिनाला तसंच सांगितलं होतं वीस वर्षांपूर्वी
विगोच्या कुण्या डॉक्टरानं:
पाठ टेकायची, हलायचं नाही.
बल्बिना हलली नाही.
भरती-ओहोटी बघत राहिली खिडकीतून,
आधी खुर्चीवरून, मग उशीवरून.
तिचं दाताळं अजून आहे दाराआड,
तिच्यापेक्षा ताठ.

इरिया म्हणाली, चाल.
म्हटलं, चालू कशी, पायात मोजा चढत नाही.
म्हणाली, मोज्याशिवाय चाल.

पहिल्या दिवशी बेकरीच्या पायरीपर्यंत गेले.
रिकाम्या हातानं परतायची लाज वाटली, पाव घेतला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव.
आठवडाभर घरात पावच पाव,
कोंबड्यांची चंगळ.
मग एकदा बेकरी कधी मागे पडली कळलंच नाही,
धक्क्यावर पोचले,
खिशात सुटे पैसे तसेच.

आणि रोज सकाळी स्वयंपाकघरात मांजर व्हायचं.
ओणवं होऊन पाठ वर, पाठ खाली.
खरी मांजर यायची, बघायची,
तोंड फिरवून निघून जायची.
मला जमत नव्हतं, असं समज.

दुखणं पाठ सोडत नाही, बाई.
तेवढी अपेक्षा ठेवू नकोस.
ही पट्टी बघ, शिंपल्या मोजायची:
भोकातून निसटली ती लहान, चिखलात परत.
अडकली ती आपली.
मी दुखणंही हिच्यानंच मोजते,
बुटाची नाडी बांधताना.
निसटलं तर लहान आहे, त्याला घेऊन कामावर.
अडकलं तर घरी,
आणि घरी म्हणजे गादीवर नाही,
कुंपणाकडेनं फेऱ्या, गरम पाण्याची पिशवी, मांजर.

चुकतं कधी माप.
परवाचं मोठं होतं, मी लहान म्हणून घेऊन आले.
गुडघाभर पाण्यात उसण भरली,
खांबासारखी उभी राहिले,
पुढेही नाही, मागेही नाही.
मनोलितानं दंडाला धरून काठावर आणलं
आणि माझी बादली तिनंच भरली.
काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आता वाक. नाही, अशी नाही.
दार बिजागरीवर मिटतं, मधोमध नाही.
खुब्यातून. हां.
दाताळं आता डाव्या हातात घे,
उजवा थकायची वाट बघू नकोस,
थकला की तो सांगत नाही, पाठीला सांगतो.
धक्क्यावरचं घड्याळ वाजलं की सरळ हो,
तळवे माकडहाडावर, थोडी मागे झुक,
समोर काहीतरी बघ. तराफे बघ. बगळा बघ.
सगळ्या जणी वाकलेल्या असताना
एकटीनं उभं राहायला मला तीन महिने लागले.

एकसष्टावं चालू आहे मला.
अजून दोन हिवाळे, जमलं तर तीन.
नंतरही येईन, बादली न घेता,
नुसता चिखल तुडवायला.

पाणी वळलं बघ.
उचल ती अर्धी बादली.
दोन्ही हातांनी, अंगाशी धरून,
दुसऱ्याचं तान्हं मूल असल्यासारखी.
चल.
हळू नको. नेहमीसारखी चल.