दीड किलो

आई, तीन पाठवतेय.
पहिला हलका, पण पडदा लहान.
दुसरा ठीक. तिसरा मी घेतला असता.
खाली तक्ता केलाय : रॅम, बॅटरी, वजन, किंमत.
शांतपणे बघ.

रॉटरडॅमला सकाळचे सात,
सहकारनगरात साडेदहा,
आणि दहा एकतीसला उत्तर :
"वजनाच्या रकान्यात दिड लिहिलं आहेस.
दीड. दी दीर्घ."

बाकी तक्त्याबद्दल अक्षर नाही.

चौतीस वर्षं छापखान्यात तिने प्रुफं तपासली.
लग्नपत्रिका, पंचांगं, सहकारी बँकांचे ताळेबंद,
एकदा अख्खा गुलाबांच्या लागवडीचा कोश.
माझं नाव ऋजुता ठेवलं,
कारण ऋ वापरायला फार कमी मिळतो म्हणाली.

जुना लॅपटॉप माझाच,
झाकणावर अजून माझ्या कॉलेजचा स्टिकर.
बिजागरी गेल्यापासून
तो दळणाच्या डब्याला टेकून बसतो.
ल पार पुसलाय. शिफ्ट धरून तिथेच ळ उमटतो,
उमटला तर.
"जरा कळ काढ," म्हणते फोनवर
आणि खरोखरच नखाने कळ काढते,
फुंकर मारते, परत बसवते.
टक्.

"आय-फाइव्ह म्हणजे पाच काय?"
मला सांगता आलं नाही.
"मग सात कशाला हवेत?"

रविवारी तिच्या पडद्यात शिरले, फायली हलवायला.
बाण माझ्या हातात, यंत्र तिच्या मांडीवर.
हात काढ माउसवरून, आई.
"काढलाय."
मग हलतंय कोण?
"तूच."
थोडा वेळ आम्ही दोघीही हललो नाही.

वीजबिलं, सोसायटीची इतिवृत्तं,
खांबेट्यांच्या नातवाची पत्रिका (तपासून),
आणि एक फोल्डर : ऋजुता, वाचलेले.
अकरा वर्षांचे माझे निरोप,
एकेक उचलून तारखेसह चिकटवलेले,
आणि दुरुस्त केलेले.
आणी चं आणि. माहीती चं माहिती.
"घाईत आहे नंतर बोलु" मध्ये
एक स्वल्पविराम, लु ला दुसरा उकार.

२०१९, ऑक्टोबर : "दिवाळीत नक्की येइन."
इ ची ई केली होती तिने.
आले नव्हते,
त्याबद्दल समासात काही नव्हतं.

"झालं का गं?" तिने विचारलं.
होतंय, म्हटलं. मोठी फाईल आहे.

बुधवारी ती एकटीच गेली,
टिळक रोडला, गुगळ्यांच्या दुकानात.
माझा तक्ता छापून नेला होता, घडी करून, पर्समध्ये.
उघडला नाही.
मांडलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर उभ्याने टाइप केलं :
कळवळा वळवळ मूळव्याध जळगावची केळी.
काउंटरवरच्या पोराला वाटलं
आजी कुठल्यातरी दुखण्याचं शोधताहेत.
त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

घेतला तो माझ्या तिन्हींतला नव्हताच.
का, म्हणून विचारलं
तर म्हणाली, "ह्याचा ळ लगेच येतो."
आणि झाकण एका हाताने उघडतं.
आणि पोरगा बोलायला बरा होता,
मध्ये मध्ये इंग्रजी घालत नव्हता.

मला तिसऱ्याचा राग आला, दुसऱ्याचाही.
चार रात्री जागून केलेला तक्ता माझा.

संध्याकाळी नव्यावरून पहिला निरोप :
"पावणेदोन किलो आहे. पिशवीत मावतो.
पंखा कुरकुरत नाही, त्यामुळे
चालू आहे की बंद ते कळत नाही.
जुना तुझा आहे, तो देऊ का कुणाला?
सध्या डब्याशेजारी तसाच ठेवलाय.
तू आलीस की बघ."

मी लिहायला घेतलं, डिसेंबरात.
पुढचं क्रियापद
अजून टाइप केलेलं नाही.
चौकटीत रेघ लुकलुकते आहे
आणि तिकडे, साडेचार तास पुढे,
ती जागी असणार,
चष्मा लावून.