गुरुवारचा कॉल

आंडोयावर उपग्रह डोक्यावर नसतोच.
तो पार खाली, क्षितिजाला टेकलेला;
म्हणून आमची डिश समुद्राकडे तोंड करून उभी,
शेजारी काठ्यांवर कॉड वाळत घातलेले.

रात्रपाळीला मी, ऑडबर्ग, आणि स्विच.
कुणाचे शब्द मला कळत नाहीत, सगळं सीलबंद.
दिसतं एवढंच: कुठून, कुठे, किती वेळ,
आणि कुणाचा मान आधी.

गुरुवारी रात्री दोनला एका युद्धनौकेवरून
बोडोतल्या एका घरी कॉल लागतो.
पायरी सगळ्यात खालची.
मागच्या खेपेला चौथ्या मिनिटाला वरचा संदेश आला
आणि स्विचनं वाट मोकळी केली.
त्याला ‘जरा थांबा हं’ म्हणायला
कुणी शिकवलेलं नाही.
संदेश तीन सेकंदांचा. बहुधा चाचणी.
नंतर नौकेनं सात वेळा नंबर फिरवला.
मी मोजले.

आज झाडूनं डिशवरचा बर्फ पाडून आत आले
तर कॉल लागलेला. अकरा मिनिटं झालेली.
पॅकेट मात्र इनमीन मूठभर.

बिघाड नव्हता.
माणूस गप्प झाला की आम्ही काही पाठवत नाही,
पलीकडे थोडी खरखर तेवढी भरून देतो,
लाइन मेली असं वाटू नये म्हणून.
मधल्या फटींतून स्विच
दुसऱ्यांचं पुढे ढकलत होता:
डिझेलचा हिशेब, वाऱ्याचा वेग,
कुठल्याशा तळाला हुकूम.

दोघंही बोलत नव्हती.
दोघांनीही फोन ठेवला नव्हता.

लॉगमध्ये मी लिहिलं,
भार: हलका.