जोनस हकवेल, तीनदा

आमच्या चर्चच्या नोंदवहीत मी
बारशी लिहितो, लग्नं लिहितो, मढी लिहितो.
शाई ओकच्या गाठींची, घरी उकळलेली.
ऑक्टोबरपासून ती पुरेना.

राजाचे लोक कमरेला गुलाबी पट्टा बांधतात,
पार्लमेंटचे नारिंगी.
हुकूम मात्र दोघांचेही राजाच्याच नावानं निघतात.
आणि आम्ही ओढ्यापाशी पोचेपर्यंत
पट्टे, बूट, सदरे, सगळं कुणीतरी नेलेलं असतं
(कुणीतरी म्हणजे आम्हीच; थंडी होती).
उघड्या अंगावर बाजू लिहिलेली नसते.

गावचा नियम आहे:
कफनाचं कापड गावच्याच माणसाला,
परक्याला चुन्याचा खड्डा.

टॅमसिन हकवेल मढी धुते. मढ्यामागे दोन पेनी.
पहिल्या पोराच्या कानामागची माती
तिनं नखानं काढली आणि म्हणाली,
"हा माझा जोनस. लिही."
जोनसच्या बारशाची ओळ माझ्याच हातची.
त्याचे केस तांबडे. ह्याचे काळेभोर.
मी लिहिलं.
पाद्रीबुवांनी वाचलं, चष्मा पुसला,
पुन्हा नाही वाचलं.

ईस्टरआधी दुसरा जोनस, मिसरूडही न फुटलेला.
सुगीत तिसरा. टकला, चाळिशीचा,
तिच्याहून दोनेक वर्षांनीच धाकटा असेल.
"हाही?"
"वाढलाय," ती म्हणाली.

पुढं लंडनहून एक कारकून आला,
कोण कुणाकडून मेला, कुणाची जमीन जप्त करायची ते बघायला.
ओळीवर बोट ठेवून म्हणाला,
एकच माणूस तीनदा?
मी म्हटलं, साहेब, लढाई मोठी होती.

खरा जोनस कुठल्या बाजूला गेला
ते तिनं कधी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. वहीत तसा रकाना नाही.

मग त्या जानेवारीत, नदी गोठलेली असताना,
मीठवाला बातमी घेऊन आला:
राजाचं डोकं उडवलं,
त्याच्याच राजवाड्यापुढं, भर दुपारी.
कुणी टोपी काढली, कुणी घातली.
लोहार हसला, मग बराच वेळ खोकत राहिला.
टॅमसिननं चुलीवरून मान वळवली.
"धुतलं कुणी त्याला?"
मीठवाल्याला ठाऊक नव्हतं.
"आणि मान? शिवली का?"

रात्री वही उघडून बसलो.
दौतीत शाई गोठलेली.
ती दारात उभी होती,
बाह्या कोपरापर्यंत सारून.