कलम सतरा

मार्चमधली गावसभा, शाळेच्या जिममध्ये.
बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबल, टेबलाशी मी,
इतिवृत्ताची वही उघडून.
मेनच्या किनाऱ्यावर या दिवसांत बर्फाचा राखाडी चिखल असतो.
आत साठ माणसं आणि ओल्या लोकरीचा वास.

कलम सतरा : रस्त्यांच्या डांबरीकरणासाठी
एक लाख साठ हजार डॉलर मंजूर करावेत काय?

व्हर्लन बील उठतो, आमचा रस्तेप्रमुख.
उन्हाळ्यात लॉबस्टरचे सापळे, हिवाळ्यात बर्फाचा नांगर.
ऑक्टोबरात त्याने सगळे रस्ते मापाचं चाक ढकलत
चालून मोजलेत,
आणि भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यामागे
पेन्सिलीने खड्डे मांडलेत.

"टनाला एकशे दहा. वीस फूट रुंदी, दोन इंच जाडी.
मैलाला पावणेतेराशे टन."
तो मनात गुणाकार करतो, ओठ हलवत.
आम्हीही करतो.
चर्चमध्येसुद्धा एवढे ओठ एकदम हलत नाहीत.
"म्हणजे एक मैल, वर थोडं.
मागणी साडेचार मैलांची आहे."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल;
इथे अंथरूणच विकत घ्यायचंय, टनाच्या भावाने.

धक्क्याचा रस्ता आधी, म्हणतो मर्टन,
माल तिथूनच निघतो.
शाळेचा आधी, म्हणते कोरिन, बसचं स्प्रिंग दोनदा तुटलं.
टेकडीवर नवी घरं बांधलेले बॉस्टनकर आलेले नाहीत,
त्यांचं दोन पानी पत्र आलंय,
सोबत कर भरल्याची पावती.

"जाडी दीड इंच करा," मागून कुणीतरी.
व्हर्लन वळूनही बघत नाही.
"जमीन गोठून खालून उचलते ना,
तेव्हा दीड इंच म्हणजे अंड्याचं कवच."

मग काउंटीचा इंजिनियर लॅपटॉप उघडतो.
भिंतीवर क्रीक रोड, त्यावर निळी रेष.
"शेवटचा पाऊण मैल. आत्ताच वर्षातून अकरा वेळा
उधाणाखाली जातो. वीस वर्षांत..."
वाक्य तो तसंच सोडतो.
त्या पाऊण मैलाच्या टोकाला एकच घर आहे.
तिसऱ्या रांगेकडे न बघण्याची
सगळ्यांची धडपड.

आर्डिथ फॉकिंगहॅम उठते. वय ब्याऐंशी,
अंगात नवऱ्याचा पिवळा रेनकोट.
"मला डांबर नको. खडी टाका.
डांबर समुद्राने फोडलं की फोडलं.
खडी त्याने माझ्या कुरणात फेकली
तर फावड्याने परत आणता येते.
दोन जानेवारी तेच करतेय."
बसते. खुर्ची करकरते.

मी लिहिलं : क्रीक रोड, शेवटचा पाऊण मैल, खडी.
बाजूने एकतीस, विरोधात सत्तावीस, दोन तटस्थ.
विरोधात सगळ्यात आधी वर गेला
तो व्हर्लनचा हात.
नावं लिहायची पद्धत नाही.

डांबर ऑगस्टात आलं,
चाळीस मैलांवरच्या प्लांटमधून, वाफाळत.
धक्क्याचा रस्ता पुरा झाला, शाळेचा वळणापर्यंत.
शेवटच्या ट्रकच्या तळाशी दोनेक टन उरलं;
तासाभरात नुसता दगड होणार.
व्हर्लनने ड्रायव्हरला हाताने खूण केली
आणि ट्रक खडी कुरकुरवत टोकापर्यंत गेला.

पायरीपासून पत्रपेटीपर्यंत
चाळीस फूट काळी पट्टी.
फावड्याने ओढलेली, कडा वाकड्या,
एके ठिकाणी व्हर्लनच्याच बुटाचा ठसा.

आर्डिथ दारात.
"नको म्हटलं होतं."
"हो."
"किती झाले?"
"काही नाही."
"काही नाही असं काही नसतं, व्हर्लन."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ऑफिसात,
वीस डॉलर टेबलावर, सुट्ट्या नोटा.
पावती मागते.
कुठल्या कलमाखाली लिहू, मी विचारलं.
ते तुझं काम, म्हणाली.

पाकीट अजून खणात आहे,
स्टेपलरखाली, वर काहीच न लिहिलेलं.
ऑडिटर नोव्हेंबरात येतो.
उधाणही.