धड

दिवसा मी दात बनवतो.
मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर.
कवळ्या, कॅपा, एकटेदुकटे सुळे,
ज्यांच्या मालकांची तोंडं मी कधी पाहिलेली नाहीत.
रात्री त्याच मोटरवर, त्याच बारीक ड्रिलनं
डोकी.
रेझिनची, अंगठ्याच्या पेराएवढी.

धड गिऱ्हाईक आणतं.
परदेशी कंपनीचं, बावीस ठिकाणी वाकणारं,
पोटावर सहा घड्या, रंग गुलाबी.
मूळचं डोकं मी चहाच्या पातेल्यात
मिनिटभर गरम पाण्यात धरतो
आणि पिळून उपटतो.
टाकत नाही. बरणीत आहेत सगळी,
जबडे आवळून कुणावर तरी चिडलेली.

मालगावच्या रणधीरनं फोटो पाठवला,
'काका सत्तरीचे होतायत, हिंदुराव पैलवान.
त्यांना सांगू नका.'

डोकं झकास उतरलं. फसलं ते मानेशी.
पैलवानाला मान असते कुठे,
कानाखाली थेट खांदाच लागतो.
आणि धडाची खुंटी अगरबत्तीच्या काडीएवढी.
भोक पाडलं, जास्त मोठं झालं.
प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली, डुगडुग.
मग कवळीचं गुलाबी मेण तापवून भरलं
आणि रात्री दीड वाजता
मान राहिली.
मी हे मोठ्यांदा म्हणालो, आणि मलाच
दोन्ही अर्थ ऐकू आले.

पण रेझिन भरीव, प्लॅस्टिक पोकळ.
धड आहे, पण धड उभं राहीना.
सोडलं की सावकाश मागे कलायचं,
टेबलावर पाठ. चितपट.
तळव्यांत गळाचं शिसं भरलं.
चितपट.

चौथ्या दिवशी जिन्यात धाप ऐकू आली.
पुतण्याच्या मोबाइलात स्वतःचं डोकं सापडलेलं,
काका स्वतःच आले.
भिंग मागितलं. बराच वेळ पाहिलं.
'कान उलटं केलंस की रं.
मोडल्याला ह्यो न्हवं. ह्यो.'
सेल्फी होता. आरशानं डावं उजवं केलं होतं.
'आन् असा गाजरावानी गुलाबी का?
माती लाव की जरा अंगाला.'

मग त्यांनी तो टेबलावर उभा केला.
तो पडला.
खोलीत फक्त कॉम्प्रेसर चालू होता.

'माझी पाठ दोनदा लागली,' काका म्हणाले.
'येकदा आटपाडीच्या जत्रंत.
येकदा गेल्या साली, न्हाणीत.'

चपला काढल्या. धोतर खोचलं.
प्लास्टरच्या पांढऱ्या भुकटीनं माखलेल्या फरशीवर
चवडे रोवले, गुडघे मोडले,
कंबर खाली, हात पुढे, बोटं उघडी.
'डोसकं जड हाय म्हनतोस?
जडच आसतंय ते. हलकं कराया जाऊ नगं.
पाय त्याच्याखाली आन.'

मी एकदा त्यांच्याकडे बघायचो, एकदा हातातल्याकडे.
घोटा, एक खटका.
गुडघा, दोन.
कंबर कुरकुरली, वाकली.
बोट काढलं.
उभा.
टेबलाला धक्का दिला मुद्दाम.
उभा.

'राहिला, काका.'
काका तसेच. पवित्र्यात. कपाळावर घाम.
'बगतोस काय,' ते हळूच म्हणाले,
'मला वर काढ.
गुडघं आडाकलं.'

काखेत हात घालून मी त्यांना उचललं.
केवढं जड होतं, आणि किती गरम.
इतकी धडं हाताळली, पण असं
पहिल्यांदाच.
खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.
ते बरणीकडे बघत राहिले,
'ह्ये कोन सगळे?'
'हरलेले,' मी म्हटलं. ते हसले, दात माझ्याच लॅबचे असावेत,
वरचे चार.

ते गेल्यावर भिंग पुसून ठेवलं.
तो टेबलावर अजून वाकून उभा आहे,
समोर कुणीच नाही.
उद्या त्याचा एक कान सरळ करायचा आहे
आणि एक मोडायचा.