समोरचा गोल

आमच्या वेळी बॅकनं अर्धी रेषा ओलांडायची नसायची.
वस्ताद फक्कीच्या पट्ट्याकडं बोट करायचे,
हा तुझा उंबरा,
पुढं जायला दुसरी माणसं हाईत.
सतरा वर्षं राइट बॅक खेळलो,
पेठेला दोन दात दिले, एक गुडघा दिला
आणि समोरचा गोल कधी जवळनं बघितला नाही.

निलोफर बागवान म्हणाली,
"पण सर, हाफटाइमला बाजू बदलायची न्हवं?
मग तोच गोल तुमच्याकडं यायचा की."
यायचा.
पण आला की तो मागं असायचा,
समोर नसायचा.

निलोफरचा बाप कपिलतीर्थात कांदे-बटाटे विकतो.
अंगावर आलेल्या पोरीच्या पायातनं
ती बॉल काढत्या,
जसा तिचा अब्बा ढिगातनं नासका कांदा काढतो,
बोलता बोलता, न बघता.
पण पुढं जा म्हटलं की पाय जड.
रेषेपाशी येत्या, बॉल दुसरीकडं देत्या,
वळून मागं बघत्या,
घरात गॅस चालू राहिल्यासारखी.

परवा रात्री साडेबाराला तिनं एक क्लिप पाठवली.
अमेरिकेचं पोरगं, जर्मनीतल्या कुठल्याशा क्लबात,
एकोणीस वर्षांचं, बॅकच.
मागच्या मोसमात नुसतं राखत बसलेलं,
आता कडेकडेनं सुटतंय
आणि बॉल नसतानाच जास्त पळतंय.
खाली तिनं लिहिलं होतं,
"ह्याला जर्मन येत असंल काय ओ?"
मी चष्मा शोधला, एका बोटानं टाइप केलं,
"ठाऊक नाही.
पळायच्या आधी त्यानं मान वळवली, ती बघ.
दोनदा."

मग रोज सकाळी सहाला गांधी मैदान.
चार विटा, पाण्याच्या सहा बाटल्या,
आणि ती.
पहिला क्रॉस भिंतीवरनं रिक्षाच्या हुडावर.
दुसरा नाल्यात.
पाचवा की सहावा माझ्या चहाच्या ग्लासात नाही म्हणता येणार,
पण ग्लास फुटला.
आणि दर वेळी, पळायच्या आधी, एकच प्रश्न:
"मागं कोण?"
"शर्वरी मगदूम उतरती तुझ्या जागी."
"आणि शर्वरी नाही उतरली तर?"
ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
वस्तादांकडंही नसणार,
म्हणून तर त्यांनी उंबरा काढला.

रविवारी शाहू स्टेडियम, समोर गडहिंग्लजच्या पोरी.
विसाव्या मिनिटाला निलोफर गेली.
मान वळवली, दोनदा,
आणि गेली.
क्रॉस चांगला होता, डोकं कुणाचंच नव्हतं.
बॉल उलटा आला तिच्याच रिकाम्या जागेतनं.
शर्वरी उतरली होती,
पण दोन पावलं उशिरा.
एक-शून्य.
स्टँडमधनं कुणीतरी ओरडलं,
"ए बागवान, राख की आपलं घर!"
आवाज माझ्याच वयाचा होता.

मी हात वर केला.
थांब म्हणायला की जा म्हणायला,
खरं सांगतो, माझं मलाच कळलं नव्हतं.
ती रेषेपाशी आली, घाम पुसला, म्हणाली,
"मी परत जातो, सर."
पुण्याची लाइन रेफरी वळून बघायला लागली,
पोरगी असून जातो म्हणते.
तिला काय सांगायचं,
इथं सगळ्याच जातो म्हणतात,
जात कुणी नाही.

निलोफर गेली तसा मीही कडेकडेनं निघालो,
गुडघा विसरून,
बेंच मागं राहिला, अर्धी रेषा मागं राहिली,
चौथा पंच ओरडत होता, "कोच, मागं! कोच!"

जाळी हिरवी आहे.
डाव्या कोपऱ्यात फाटलेली,
कुणीतरी निळ्या नायलॉनच्या दोरीनं शिवलेली,
घाईत, घट्ट.

क्रॉस गोलीनं फिस्ट केला.
निलोफर माघारी पळत आली
आणि मी नेमका तिच्या वाटेत.
"सर, बाजूला," ती म्हणाली,
"मागं कोण नाही."